बाकड्यावर बसायचं कोणी

रविवार

बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांच्या हातात सुरमईची पिशवी होती आणि ती त्यांनी सोडली नाही. लालबागच्या आमच्या चाळीचा जिना चढताना ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणाले, "काय नाय, जरा दम घेतंय." सदरा घामाने अंगाला चिकटला होता. माझा भाऊ महेश धावत खाली आला तेव्हा पिशवी त्याच्या हातात देऊन आईसाठी निरोप दिला, "आवशीक सांग, पयले मासे धुवून ठेव."

गॅलरीतल्या लोकांनी गॅस ठरवला. कोणी ओवा आणला, कोणी सोडा. महेश कधी नव्हे तो कोणाचं न ऐकता टॅक्सी घेऊन आला, एवढं शहाणपण आमच्या घराण्यात त्या दिवशी झालं. जिना बाबा स्वतःच्या पायांनी उतरले. छातीत दुखत असेल तर माणसाला चालवू नका, खुर्चीत बसवून उतरवा, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी रागावून सांगितलं. तुम्ही आधीच लक्षात ठेवा.

टॅक्सीत रस्ताही बाबांनीच सांगितला. परळच्या हॉस्पिटलचं कुठलं गेट रविवारी उघडं असतं, व्हीलचेअर कुठे मिळते, हे त्यांना पाठ होतं. शिवडीच्या गोदामात माल उतरवून घेण्यात त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं, पण चाळीत त्यांची ओळख वेगळीच. कोणाला ॲडमिट करायचं म्हटलं की बाबा चपला घालून तयार. ऑपरेशन असलं की बाहेरच्या बाकड्यावर चाळीतल्या पुरुषांच्या पाळ्या लागायच्या, आणि त्या बाबा लावायचे. सकाळी हे दोघे, दुपारी ते दोघे. बायकांचं काम डबा पाठवायचं. पेशंटची बायको तिथे असलीच तर बाबा तिला म्हणायचे, "तुम्ही घरी जावा. मी आहे ना."

माझं सासर कॉटन ग्रीनला, त्यामुळे मी थेट हॉस्पिटलातच पोचले. डॉक्टर म्हणाले, "अटॅक आहे. मोठा आहे. वेळेत आणलंत." शाळेत वर्गभर पोरांवर ओरडणारी मी, पण 'मी त्यांची मुलगी' एवढंही मला तेव्हा धड सांगता येईना. मी घाबरले होते. माझे बाबा मरतील असं त्याआधी माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आईला आम्ही घरीच ठेवलं. 'गॅस आहे, थोडं थांबवलंय' असं महेशने फोनवर सांगितलं आणि मी शेजारी उभी राहून मान हलवली. आमच्याकडे असंच करतात, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं दोघांनाही वाटलं नाही. संध्याकाळी नळावर पाणी भरताना तिला कोणीतरी विचारलं, "अटॅक मोठा होता का हो?" तेव्हा तिला कळलं.

नाही म्हणजे नाही

आयसीयूत दिवस पासवर चालतो. भेटायची वेळ ठरलेली, एका वेळी एक माणूस, चपला बाहेर. आत बाबा छातीवर वायरी लावून पडलेले, आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाला कॅन्टीनमध्ये काय चांगलं मिळतं ते सांगतायत. औषध घ्यायला कुरकुर करायचे. पण तिथे कणकवलीची एक सिस्टर होती. "आजोबा, मुकाट गिळा, नायतर मी तुमच्या गावाक फोन करतंय," असं तिने दटावलं की गोळी गुपचूप पोटात जायची. आम्ही तिच्या ड्युटीची वाट बघायला लागलो होतो.

मग अँजिओग्राफी झाली. तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या आणि त्यातली एक मुख्य. डॉक्टर तरुण बाई होत्या, स्पष्ट बोलायच्या. "काका, स्टेंटने भागणार नाही. बायपास करायला हवी. लवकर."

"गोळ्या द्या काय त्या," बाबा म्हणाले. "छाती कापायला मी देणार नाही."

त्यांनी समजावलं, मी समजावलं, सिस्टरने मालवणीतून समजावलं. बाबा भिंतीकडे बघत राहिले. ज्या माणसाने अख्ख्या चाळीची अपेंडिक्सं, हर्निये आणि मुतखडे पार पाडले, तो ऑपरेशनला घाबरतो हे आमच्या पचनी पडेना. शेवटी डॉक्टरांनी नाइलाजाने घरी सोडलं, ते या अटीवर की आठवड्याभरात निर्णय घ्यायचा. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुख्य नळी आहे. कधीही काही होऊ शकतं. वजन उचलायचं नाही, जिना नाही, चिडचिड नाही."

चिडचिड नाही! आमच्या बाबांना!

शहाळी

घरी आल्यावर शहाळ्यांचा पूर आला. चाळीत आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने कोणी येत नाही आणि चहा घेतल्याशिवाय कोणी जात नाही. प्रत्येकाला रविवारचा वृत्तांत पहिल्यापासून ऐकायचा असतो. शिवाय प्रत्येकाकडे एक मेहुणा असतो ज्याच्या सगळ्या नळ्या लसणाने मोकळ्या झाल्या. मी दुपारी शाळा सुटली की यायची आणि हसून हसून लोकांना बाहेर काढायची. दार मात्र लावता यायचं नाही. चाळीत दिवसाढवळ्या दार लावलं तर लोक भांडण झालं समजतात.

भांडण झालंच, पण आमच्यात. महेश म्हणाला, "त्यांना नकोय ना, मग नको. टेबलावर काही झालं तर आयुष्यभर मी स्वतःला काय सांगू?" मी म्हटलं, "आणि जिन्यात काही झालं तर काय सांगशील?" गॅलरीच्या टोकाला उभं राहून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून, आम्ही दातओठ खात हळू आवाजात भांडलो. मी त्याला भित्रा म्हटलं. तो म्हणाला, "तू संध्याकाळी आपल्या घरी जातेस. मी रात्रभर त्यांचा श्वास ऐकत पडतो." घरात कोणी गंभीर आजारी असलं की भावंडं अशी एकमेकांवर तुटून पडतात. आपलंच घर वाईट, असं समजू नका.

बाबांच्या नकाराचं कारण आईने सांगितलं. भांडी विसळता विसळता म्हणाली, "दत्ताभावोजींना त्यांनीच नेलं होतं ना."

दत्ताकाका म्हणजे गॅलरीच्या शेवटच्या खोलीतले, बाबांचे जिवलग मित्र. त्यांची बायपास झाली तेव्हा मी कॉलेजात होते. काका नको म्हणत होते, बाबांनी त्यांना तयार केलं आणि काका ऑपरेशन टेबलावरच गेले. त्यांची बायको शालनकाकी तेव्हापासून एकटी राहते. बाबा पुढेही लोकांना घेऊन हॉस्पिटलात जात राहिले, पण हृदयाच्या पेशंटबरोबर कधीच नाही, हे आत्ता हिशेब लावताना माझ्या लक्षात आलं. आणि काकींच्या खोलीवरून जाताना ते नेहमी मान खाली घालून जायचे.

आता घोळ असा, की बाबांना बघायला काकी रोज येत होत्या आणि आई त्यांना रोज दारातूनच परत पाठवत होती. "आत्ताच डोळा लागलाय गो." तिला वाटायचं, काकींना बघून बाबांच्या छातीत परत कळ येईल. महेशला आणि मलाही तेच वाटायचं. शिवाय बायपासचं नाव काढलं असताना, बायपासमध्ये नवरा गेलेली बाई समोर नको, असंही प्रत्येकाच्या मनात होतं. तोंडाने कोणी बोललं नाही. काकी आणलेली पेजेची वाटी आईच्या हातात ठेवायच्या आणि जायच्या.

काकी आत आल्या

त्या दिवशी मी आईकडेच होते. आई दारात उभी राहून म्हणत होती, "झोपलेत गो." त्याच क्षणी बाबा टीव्हीवरच्या मॅचमधल्या फलंदाजावर खेकसले, "अरे गाढवा, धाव ना!"

"सुमन," काकी आईला म्हणाल्या, "किती झोपवशील त्यांना?" आणि त्या आत आल्या.

बाबांनी टीव्ही बंद केला, चादर गळ्यापर्यंत ओढली. काकी खुर्चीच्या टोकाला टेकल्या.

"भावोजी, ऑपरेशन नको म्हणताय म्हणे."

"नको."

"ह्यांच्यामुळे?"

बाबांचा चेहरा एकदम लहान झाला. मग ते म्हणाले, "वहिनी, तो नको म्हणत होता. मीच म्हटलं, काय होत नाही, मी आहे ना. मीच नेलं. तुमच्या तोंडाकडे बघायची हिंमत नाही झाली मला परत."

मी पुढे व्हायला लागले. आईने माझा हात धरला.

"नको म्हणायचे ते तुमच्यासमोर," काकी म्हणाल्या. "घरात काय म्हणायचे ते मला विचारा. संडासला जाऊन आले तरी धाप लागायची. आडवं पडता यायचं नाही, बसून झोपायचे. मला म्हणाले, शालन, असं कुजण्यापेक्षा एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. तुम्ही नसतं नेलं तर टॅक्सी करून एकटे गेले असते. त्याचा राग मी कधी धरला नाही."

बाबा रडायला लागले. मला वाटलं, संपलं. काकी माफ करायला आल्या होत्या, ते झालं, आता चहा टाकावा.

"पण राग आहे माझा," काकी म्हणाल्या. "त्या दुपारी तुम्ही बाहेर आलात नि मला म्हणालात, सगळं ठीक आहे वहिनी, तुम्ही घरी जावा, दोन घास खा. मी घरी आले. कुकर लावला. तेव्हा ते गेलेले होते ना?"

बाबांनी मान हलवली.

"तुम्हाला ठाऊक होतं. बाकड्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीतसुद्धा फोन आलेला. मी भाताच्या शिट्ट्या मोजत होते, भावोजी, आणि माझा नवरा गेलाय हे मला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं."

"तुम्ही घाबरल्या असता वहिनी. एकट्या बाईमाणूस... म्हटलं, घरी चार बायका जवळ असतील तेव्हा सांगू."

"घाबरले असते. माझा नवरा होता तो. मी नाही घाबरायचं तर कोणी? अंगात ऊब होती तोवर हात धरला असता मी त्यांचा. मला मिळाले ते गुंडाळलेले."

इतकी वर्षं आम्ही सगळे, स्वतः बाबासुद्धा, काकींना कशाचं दुःख आहे ते ठरवून मोकळे झालो होतो, आणि ते भलतंच निघालं.

मग आई बोलली. आई बाबांसमोर आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "रविवारी मला गॅस म्हणून सांगितलंत तुम्ही सगळ्यांनी," ती म्हणाली. "मी सुरमई तळून तुमची वाट बघत बसलेली. ऑपरेशनला पण मला असंच पाठवणार होतात ना घरी?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

"वहिनी," शेवटी बाबा म्हणाले, "मी ऑपरेशन करून घेतलं तर सुमनच्या सोबतीला याल?"

"येईन. मलाही एकदा बसायचंय तिथे."

काकी गेल्यावर बाबांनी मला हाक मारली. "सुजा, डॉक्टरांक फोन कर. आणि ऐक. बाकड्यार तुझी आवस बसतली. जां काय होयत तां पयला तिका सांगायचा." ते नेमके कशाने तयार झाले ते मला आजही सांगता येणार नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

पुढचं आधी सांगते

अशी हकीकत वाचणाऱ्याला एकच हवं असतं, म्हणून सांगून टाकते. बाबा बरे आहेत.

पण ते सरळ झालं नाही. शुद्धीवर आल्यावर नळीमुळे बोलता येईना, तेव्हा ते डोळ्यांनीच आमच्यावर ओरडत होते. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला शिकवतात. ती उशी पुढे ते कोणाला हात लावू देईनात. जिथून नस काढली तो पाय छातीपेक्षा जास्त दुखतो, हे आधी कोणी सांगत नाही. सगळ्यात अवघड गेलं ते त्यांचं रडणं. बातम्या बघताना रडायचे, भाजी अळणी लागली म्हणून रडायचे. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, ओसरेल. ओसरलं. आई त्यांना रोज गॅलरीत चालवते. मीठ कमी केल्याबद्दल तिच्याशी रोज भांडण होतं, आणि ते ऐकलं की मला बरं वाटतं.

आता ऑपरेशनच्या दिवसाकडे येते.

बाकडं

सकाळी बाबांना आत नेताना छातीवरचे केस काढलेले होते. ते लाजले होते. "सोललेल्या कोंबडीसारखो दिसतंय," म्हणाले. आईने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. दोघांनी एकमेकांना सगळ्यांसमोर हात लावलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

बाहेर आई बाकड्यावर बसली, तिच्या शेजारी काकी. चाळीतले पुरुष सवयीप्रमाणे आलेच. बाबांच्या हाताखाली तयार झालेला सुधीर आता पाळ्या लावतो. तो आईला म्हणाला, "काकू, तुम्ही कशाला ताटकळताय? घरी जा, आम्ही आहोत ना." आई म्हणाली, "डबा सुजाच्या सासूबाई पाठवतायत. मी बसलेय." सुधीर गोंधळला. त्याच्या पाळीत ही सोयच नव्हती.

दुपार कलली तरी निरोप नाही. मग दार उघडलं आणि सर्जन बाहेर आले. त्यांचा चेहरा मला आवडला नाही. महेशलाही नाही. तो चटकन म्हणाला, "आई, जरा खालून चहा घेऊन येतेस?" त्याचा दोष नाही. तो म्हणाला नसता तर मी म्हणाले असते. बाबांनी बजावून सांगितलेलं होतं, काकींचं बोलणं कानात होतं, तरी जीभ सवयीच्या वाटेनेच गेली.

आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठली, पदर सावरला, सर्जनसमोर जाऊन उभी राहिली. "मी त्यांची बायको. मला सांगा."

ते तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "नवीन नळ्या जोडून झाल्यात. पण हृदय अजून भार घेत नाहीये. तोवर रक्त फिरवणारं मशीन बंद करता येत नाहीये. आम्ही औषधं देऊन वाट बघतोय."

"म्हणजे जातील का?"

"आत्ता हो किंवा नाही, दोन्ही म्हणता येणार नाही मला."

"बरं," आई म्हणाली. "काही झालं तर आधी मला सांगा. काहीही झालं तरी."

"आधी तुम्हालाच सांगेन," सर्जन म्हणाले आणि आत गेले.

आई परत बाकड्यावर बसली आणि हुंदके देऊन रडली. कोणी तिला गप्प केलं नाही. काकींनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. रडून झाल्यावर आईने काकींकडून एक बिस्कीट घेऊन खाल्लं. आयुष्यात मी तिच्याकडे इतकं नीट कधी बघितलं नव्हतं. तिला सगळं माहीत होतं आणि ती बसली होती. महेश येऊन तिच्या पायाशी जमिनीवर बसला. मी पण बसले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. दार परत उघडलं. यावेळी सर्जन सरळ आईकडे आले. "हृदय आपलं आपण चालायला लागलंय. मशीन काढलं. आजची रात्र जपायचं, पण चालतंय."

आईने हात जोडले. महेशने भिंतीवर डोकं टेकलं. सुधीर चाळीत फोन करायला वळला.

आणि काकी रडायला लागल्या. आधी मला वाटलं, सुटकेचं रडणं असेल. पण ते थांबेना. त्या वाकून, पदर तोंडात कोंबून, दत्ताकाकांचं नाव घेत होत्या. इतक्या वर्षांत आम्ही त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. त्यांना घरी भातापाशी बसवून, चार बायकांच्या घोळक्यात जे सांगितलं होतं, त्याचं रडणं त्या आता रडत होत्या.

सुधीर फोन ठेवून आला. काकींकडे बघून बिचारा कळवळला आणि पुढे वाकून म्हणाला, "काकींना टॅक्सीने घरी सोडून येऊ का?"

"नको," आई म्हणाली. तिने काकींना जवळ ओढलं. "तिला इथेच बसू दे."